घडीचा खटका

सुंदराबाईच्या घरात कायदे करायचे ते सुंदराबाईनेच. त्या वर्षी पौषात तिने एक नवा कायदा काढला: कोनाड्यातल्या घडीला जानरावाशिवाय कोणी बोट लावायचं नाही. सुनेनं नाही, पाहुण्यानं नाही, मांजरीनं तर नाहीच नाही. हा कायदा मोडला तोही तिनेच, आणि तोही तिसऱ्या दिवशी.

घडी म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नव्हे, मनगटावरचंही नव्हे. मुठीत मावेल एवढी गोल डबी, वर काच, आणि डोक्यावर एकच खटका. खटका दाबला की काटा पळायचा, पुन्हा दाबला की जागच्या जागी उभा राहायचा, तिसऱ्यांदा दाबला की मुकाट्यानं घरी परत. किती वाजले हे ती सांगत नसे, किती वेळ लागला एवढंच सांगे. गाव तिला इस्टापवाच म्हणे. वर्षभर ती खुशालराव पाटलाच्या पेटीत झोपलेली असायची आणि संक्रांत झाली की शंकरपटासाठी बाहेर निघायची. पटात बैलांच्या जोड्या पळायच्या. इकडे झेंडी पडली की खटका, तिकडे जोडीनं दोरी ओलांडली की खटका. त्या दोन खटक्यांच्या मधे जे काही मावलं, त्यावर गाव पुढच्या संक्रांतीपर्यंत बोलत राही.

आजवर घडी धरली ती खुशालरावाच्या मेव्हण्यानं. आता त्याचा अंगठा पाटलाच्या बैलांच्या वेळी जरा लवकर पडतो, हे अख्ख्या गावाला दिसत होतं, पण बोलायचं कोणी? शेवटी तरुण गाडीवान बोलले. म्हणाले, घडी अशा माणसाकडं द्या ज्याची जोडी पटात नाही आणि ज्याला काट्याखालच्या बारीक रेघा वाचता येतात. गावात असा माणूस एकच निघाला. जानराव गुरुजी, सरकारी शाळेतला मास्तर, सुंदराबाईचा लेक.

सुंदराबाई त्या दिवशी लेकासोबत पाटलाच्या ओट्यापाशी गेली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण बोलावलं नाही म्हणून ती कुठं जायची राहिली असं कधी झालं नव्हतं. खुशालरावांनी पेटीतून घडी काढली. जानरावानं हात पुढं केला. पाटलांनी त्या हाताकडं पाहिलं, आणि घडी ओट्यावर ठेवली.

"उचला गुरुजी," ते म्हणाले. "नाजूक वस्तू हाय. तुमच्याकडं याच्याआधी अशी वस्तू कधी आली नसन. बिघडली तर आमची आमच्या पेटीत परत, मंग पुन्हा कोनी मांगू नका."

जानरावानं उचलली. तो सुशिक्षित, तो ती रुमालात बांधू लागला. सुंदराबाई म्हणाली, "पाटील, आमी दीक्षा घेतली तवा देव्हाऱ्यातलं सारं गाठोडं नदीले नेऊन टाकलं. जे ठिवाव वाटते तेच घरात ठिवतो, अन् नीट ठिवतो." आणि लुगड्याचा पदर खोचून पुढं झाली.

घरी येऊन तिनं कोनाडा सारवला, खाली धुतलेलं फडकं अंथरलं, वर घडी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती घडी दुरून दाखवी. "आमच्या गुरुजीजवळ हाय," म्हणे. घरात त्याला जानराव म्हणणारी बाई, चारचौघांत स्वतःच्या लेकाला गुरुजी म्हणत असे. डोमाजी, तिचा नवरा, दुसऱ्याच्या बैलांमागं जन्म घालवून गेला. त्याच पटात बैलांचं शेण उचलायला जायचा. आता त्याच्या लेकानं हात वर केल्याशिवाय एक जोडी सुटणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी जानराव शाळेत, सून शालू विहिरीवर. सुंदराबाईनं कायदा केला होता तो इतरांसाठी, असं मनाला सांगून तिनं घडी उचलली. खटका हळूच दाबला. तिच्या अंगठ्याला तो किंचित कुरकुरल्यासारखा वाटला. आता सुंदराबाईच्या घरात काहीच कुरकुरत नसे. दाराचा कडीकोयंडा नाही, जातं नाही, सूनही नाही. गाडीच्या चाकाला ती एरंडीचं तेल घाली, पण एवढ्या नाजूक पाहुणीला चाकाचं तेल काय द्यायचं! तिनं खायच्या तेलाचं बुधलं काढलं. जवसाचं, घरच्या जवसाचं, घाण्यावरून स्वतः उभं राहून आणलेलं. काडीच्या टोकावर एक थेंब घेतला आणि खटक्याच्या बुडाशी सोडला. मग प्रेमानं आणखी एक. खटका लोण्यासारखा चालू लागला. तिनं घडी पुसली, फडक्यावर ठेवली आणि कोणाला काही सांगितलं नाही. चांगलं काम करून बोभाटा करणारी ती बाई नव्हती, असं तिचं स्वतःबद्दल मत होतं.

पट शुक्रवारी. बुधवारी सकाळी जानराव अंगणात सराव करायला बसला. शालूला म्हणाला, "तू त्या निंबापासून पळ, मी पायतो." शालू हसत पळाली. त्यानं खटका दाबला. खटका खाली गेला, आणि खालीच राहिला.

शालू पोचली. काटा पळतच होता. जानरावानं नखानं उचकून पाहिलं, फुंकर मारली, घडी तळहातावर आपटली. काटा पळतोच आहे. एक फेरा, दोन फेरे, दहा फेरे. तिघंजण त्या काट्याकडं पाहत बसली. अर्ध्याएक तासानं चावी संपली तेव्हा तो आपोआप थांबला, आणि अंगणात एकदम शांत झालं.

"पडली काय वं कोनाच्या हातून?" जानरावानं विचारलं.

"मी तर कोनाड्याकडं पायलं बी नाई," शालू म्हणाली.

सुंदराबाई चुलीकडं वळली. भाजीला फोडणी द्यायला तिनं बुधलं उचललं, तर बूच निघेना. बुधल्याच्या तोंडावर तेलाचा ओघळ वाळून पिवळ्या डिंकासारखा घट्ट बसला होता. तिनं बुचाकडं पाहिलं, मग कोनाड्याकडं पाहिलं. सारा जन्म जवस पिकवण्यात, भाजण्यात, कुटण्यात गेला. जवसाचं तेल उघड्यावर राहिलं की चिकटतं आणि वाळलं की लाकडालासुद्धा सोडत नाही, हे तिनं चार सुनांना शिकवलं असतं, चार असत्या तर. आणि ते तिच्याच ध्यानात नव्हतं! ती तोंड उघडणार होती. पण बाहेर जानराव शालूला सांगत होता, "घरात कोनी हात लावला असता तर मायनं त्याचा हात मोडला असता. म्हनजे माह्याच हातून काही झालं असन." ते ऐकून तिनं तोंड मिटलं.

त्याच दिवशी तो अमरावतीला गेला, राजापेठेत. तिथला घड्याळवाला म्हणाला, असली घडी मी कधी उघडली नाही, अकोल्याला जुन्या शहरात ओमप्रकाश आहे, तो एकटा हे काम जाणतो. संध्याकाळी जानराव रिकाम्या हातानं परत आला आणि जेवला नाही.

"उद्या अकोल्याले जातो," म्हणाला. "त्याच्यानं नाई झालं तर पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. काय इलाज हाय?"

"मी बी येते," सुंदराबाई म्हणाली.

"तू काहून?"

"मले अकोलं पायाचं हाय."

"तू अकोलं धा खेपा पायलं, माय."

"मंग अकराव्यांदा पायते. तुह्या खांद्यावर बसून नाई येत."

पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना जवस फुलला होता, निळाच निळा. दरवर्षी ती त्या फुलांकडं पाहून खुश होई. त्या दिवशी तिनं पाठ फिरवली. समोर जानराव बसला होता, घडी रुमालात बांधून छातीशी धरून, आणि पाटलाला काय सांगायचं ते मनात जुळवत असल्यासारखे त्याचे ओठ हलत होते. हा लेक तिनं कोणापुढं मान खाली घालू नये म्हणून शिकवला होता. दुसऱ्याच्या शेतात निंदण करताना मागं झोळी बांधून वाढवला होता.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून ती दोघं जुन्या शहरात शिरली. ओमप्रकाशचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. आत एक म्हातारा, एका डोळ्यात भिंग, दुसऱ्या डोळ्यात संशय. नाकाखाली तपकिरीचा डाग. त्यानं घडी घेतली, कानाशी नेली, खटक्याभोवती सुई फिरवली.

"इसमें कुछ डाला है किसीने," तो म्हणाला. मग जानरावाचा चेहरा पाहून मराठीत आला. "काही तरी घातलं हाय कोनी. चिकटून बसलं. काय घातलं?"

"काहीच नाई घातलं," जानराव म्हणाला. "घरात कोनी हात लावत नाई."

"वास तरी सांगितला असता माह्या नाकानं, पन नाक तपकिरीनं केव्हाच बसलं. पाहा गुरुजी, गूळ असला तर पानी पाहिजे, ग्रीस असलं तर पेट्रोल, डिंक असला तर आनखी काही. काय हाय ते अन् किती आत गेलं ते माहीत नसन तर सारी मशीन खोलावी लागन. चुकीचं औषध केलं तर आतली केसाएवढी कमान गंजून जाईन. आठ दिवस ठेवून जा."

"पट उद्या हाय."

"मंग उद्या दुसरी घडी पाहा."

जानरावानं रुमाल उचलला. आधी एक घडी घातली, मग दुसरी, मग नीट चौकोन केला. भांडत नव्हता, चिडत नव्हता. सुंदराबाईला वाटलं, यानं माझ्यावर ओरडावं, निदान त्या म्हाताऱ्यावर तरी. तो नुसता रुमालाच्या घड्या घालत होता. ओट्यावरून वस्तू उचलायची आणि ओट्यावर ठेवायची सवय एका दिवसात लागते, हे तिला तेव्हा दिसलं.

"जवस हाय," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं.

"काय हाय, माय?"

"कानात बोळे घातले काय? जवस म्हनलं. जवसाचं तेल. दोन थेंब, काडीनं. खटक्याच्या बुडाशी. उभी धरून नाई, आडवी धरून टाकलं, म्हनून आत गेलं नसन. शनवारी सकाळी."

"कोनी?" जानरावानं विचारलं.

"घरात एवढी अक्कल कोनाले हाय? म्या." तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला, फक्त डोळे काउंटरच्या लाकडावर होते. "मले वाटलं कुरकुरते. चांगलं व्हाव म्हनून टाकलं. अन् दोन दिवस तुले घोर लागलेला पायत बसली, बोलली नाई. आता बोल काय बोलाचं ते."

जानरावानं हातातला रुमाल खाली ठेवला. मग त्याला हसू फुटलं. "गाडीचं एरंडी काहून नाई टाकलं मंग? ते तर चिकटलं नसतं."

"पाहुनीले चाकाचं तेल देतात काय, येड्या!"

ओमप्रकाशनं भिंग काढलं. "माय, तुम्ही शनवारची सकाळ अन् आडवी धरली हे सांगितलं, माझे आठ दिवस वाचले. मशीन खोलायचं काम नाही. खटकाच काढतो." त्यानं कडेचा तांदळाएवढा स्क्रू सैल केला, स्पिरिटच्या दिव्यावर सळई तापवली, खटक्याच्या गळ्याला टेकवली आणि चिमट्यानं ओढला. खटका दांडीसकट बाहेर आला. दांडीभोवती पिवळं कवच. पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासलं. कवच हललं नाही. पुन्हा घासलं. नाही.

"पेट्रोलले नाई मानत जवस," सुंदराबाई म्हणाली. "वाळलं म्हनजे नाई. सरा बाजूले."

समोरच्या चहावाल्याच्या शेगडीतली मूठभर राख तिनं मागून आणली. ओमप्रकाश ओरडला, "अहो माय, खरडलं जाईन ते!" ती म्हणाली, "बसा चुपचाप," आणि राख पदरातून चाळली. एकदा, मग दुसऱ्यांदा, पिठाहून बारीक. तळहातावर चिमूटभर घेतली, पाण्याचा थेंब सोडला, खटका त्यात ठेवून अंगठ्यानं फिरवू लागली. वर्षानुवर्षं दिवे, समया, तेलाची भांडी याच अंगठ्यानं उजळली होती. जोर नाही, घाई नाही. हळूहळू तळहातावरची राख पिवळी पडली आणि दांडी पांढरी निघाली.

"आता भोकात," ती म्हणाली. "काडीले हेच पानी लावा. पन घडी उलटी धरा, तोंड खाली. घान बाहेर पडली पाहिजे, आत नाई."

ओमप्रकाशनं चाळीस वर्षांच्या धंद्यात कोणाचा हुकूम ऐकला नसेल. त्यानं घडी उलटी धरली. काडी घातली, फिरवली, काढली, पुसली. मग पेट्रोलनं धुतलं, फुंकणीनं वाळवलं. शेवटी स्वतःच्या बाटलीतून सुईच्या टोकावर तेल घेतलं, इतकं की सुंदराबाईला ते दिसलंच नाही.

"एवढुसंच?"

"ही घडी हाय, माय. बैलगाडी नाही."

खटका बसला. ओमप्रकाशनं चावी दिली आणि घडी तिच्यापुढं केली. "दाबा."

तिनं हात पदराला पुसले, दोनदा. दाबलं, काटा पळाला. दाबलं, उभा राहिला. दाबलं, घरी.

मजुरीऐवजी ओमप्रकाशनं तिच्या शिदोरीकडं बोट दाखवलं. भाकरीसोबत जवसाचीच चटणी होती. तिघांनी दुकानाच्या फळीवर बसून खाल्ली. निघताना म्हातारा जानरावाला म्हणाला, "एक सांगतो गुरुजी. ज्याचा हात साफ अन् कोरडा असन त्यानंच धरायची. मंग समोरचा कोनी का असेना."

शुक्रवारी पटाच्या मैदानावर सारं गाव होतं, आणि आजूबाजूची चार गावं होती. शेंदूरजनाघाटाहून आलेल्या जोडीसोबत संत्र्यांच्या टोपल्याही आल्या होत्या. जानराव दोरीशी उभा, पांढरा सदरा, हातात घडी. सुंदराबाई बायकांच्या घोळक्यात सर्वांत पुढं.

गावात बातमी लपत नाही. खुशालराव संत्र्याची फोड तोंडात टाकत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गुरुजी, घडी अकोल्याले फिराले गेली होती म्हनतात! काय झालं होतं?"

जानरावानं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी पुढून आवाज आला.

"म्या बिघडवली, पाटील. जवसाचं तेल टाकलं खटक्यात, खायचं, घरचं. अन् म्याच साफ केली, राखेनं. अकोल्याचा घड्याळवाला बसून पायत होता. आनखी काही इचाराचं हाय?"

घोळक्यात हशा पिकला. एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "बुढी, माह्या चाकालेही ये कधी!" ती म्हणाली, "तुह्या चाकाले नाई, तुह्या जिभेले गरज हाय." पुन्हा हशा. खुशालराव हसले नाहीत, त्यांनी दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

झेंडी पडली. जोडीमागून जोडी सुटली. प्रत्येक वेळी जानराव आकडा ओरडे आणि प्रत्येक वेळी गाडीवान मान हलवून तो घेई. शेवटी राहिल्या दोन जोड्या. आधी खुशालरावांची सुटली, धूळ उडवत आली. मग शेंदूरजनाघाटची. जानरावानं घडीकडं पाहिलं, दोनदा पाहिलं आणि सांगितलं. शेंदूरजनाघाटची जोडी सेकंदाच्या दोन बारीक रेघांनी पुढं.

सगळ्यांच्या माना पाटलाच्या खुर्चीकडं वळल्या. आजवर खुशालरावांची जोडी रेघांनी हरली नव्हती.

पाटील खुर्चीवरून उठले. चालत दोरीपर्यंत आले. "दाखवा," म्हणाले आणि हात पुढं केला. बोटांवर संत्र्याचा रस होता, उन्हात चमकत होता.

जानरावानं घडी पुढं केली.

"पाटील," सुंदराबाई म्हणाली. "हात पुसा पयले. मंग धरा."

कोणी हसलं नाही. बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. खुशालरावांनी तिच्याकडं पाहिलं, तीही पाहत राहिली, डोळे तसेच, पापणीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. धोतराचा सोगा उचलला आणि बोटं पुसली, एकेक करून, अंगठ्यापर्यंत. पुसलेला हात पुन्हा पुढं केला आणि जानरावाच्या हातातून घडी घेतली.

काट्याखालच्या रेघा मोजल्या. ओठ हलवत मोजल्या. मग खटका दाबला, काटा घरी गेला. दाबला, पळाला. दाबला, थांबला. मैदानातल्या प्रत्येकानं ते तीन खटके ऐकले.

"बराबर हाय," पाटील म्हणाले. आवाज बारीक होता, पण म्हणाले. आणि घडी परत दिली, जानरावाच्या तळहातावर.

"पुढच्या पटालेही गुरुजीच धरतीन," कोणीतरी गाडीवान ओरडला. "पाटील, पेटीत नका ठेवू आता!"

खुशालराव वळून खुर्चीकडं निघाले होते. मागं न पाहता त्यांनी हात हलवला, तुमच्याकडंच ठेवा म्हणून.

शालूनं सासूच्या दंडाला चिमटा काढला. "माय, ऐकलं काय?"

"मले काय कान नाई?" सुंदराबाई म्हणाली, आणि पदर सारखा करून ताठ उभी राहिली. "घरी गेल्यावर कोनाडा पुन्हा सारव. अन् तेलाचं बुधलं त्या भिंतीपासून दूर ठिव. माह्या हाताले सापडन असं नको ठिवू."